विमान चुकले तरी चालेल, हे घरीच ठरवून निघा

प्रश्न : माझे वडील 74 वर्षांचे आहेत. त्यांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घेतात आणि काही वर्षांपूर्वी हृदयात दोन स्टेंट बसवले आहेत. आईला रक्तदाबाशिवाय काही नाही, पण ती स्वभावाने भित्री आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिघे मुंबईहून दुबईमार्गे भावाकडे बॉस्टनला निघालो होतो. विमान पहाटे साडेचारचे होते. सांगलीहून दुपारी एकला गाडीने निघालो. रात्री साडेआठला बाबांनी नेहमीप्रमाणे गाडीतच इन्सुलिन घेतले, जेवण विमानतळाजवळ करू असे ठरले होते. पण वाहतुकीत अडकल्यामुळे चहा-बिस्किटावरच भागले. सुरक्षा तपासणीच्या रांगेत बाबा घामाने डबडबले आणि खाली बसले. मी आणि आई बायकांच्या रांगेत होतो, आम्हाला ते कळलेही नाही. विमानतळावरच्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती 58 निघाली. ग्लुकोज दिल्यावर बाबा नीट बोलू लागले, तरी विमान कंपनीने त्यांना चढू दिले नाही. रुग्णालयात ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या आणि आम्ही घरी परतलो. बाबा नंतर म्हणाले की सामान देताना काउंटरवरच घाम फुटला होता, पण सांगितले तर अडवतील म्हणून ते गप्प राहिले. आता मे महिन्यात भावाच्या मुलीचे बारसे आहे. बाबांना जायचेच आहे, विमान कंपनीवरचा त्यांचा राग अजून गेलेला नाही. आई म्हणते, वाटेत काही झाले तर कोण बघणार? मला स्वतःला हा विषय निघाला तरी धडधडते. आम्ही जावे का, आणि जायचे तर काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे : काउंटरवर घाम फुटला, पण अडवतील म्हणून ते गप्प राहिले. तुमच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ मला त्या गप्प राहण्यात दिसते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो आणि मग इन्सुलिन, व्हीलचेअर आणि कागदपत्रांकडे वळतो.

त्या रात्री काय घडले हे तुमच्या वर्णनावरून बरेच स्पष्ट होते, जरी मी तुमच्या वडिलांना तपासलेले नाही. साडेआठचे इन्सुलिन हे साडेआठच्या जेवणासाठी असते. घड्याळ पाळले गेले, जेवण पाळले गेले नाही, आणि त्यानंतरचे पाच तास शरीरात इन्सुलिन आपले काम करत राहिले. त्यात सामान उतरवणे, प्रवेशद्वाराशी तिकीट आणि पासपोर्ट दाखवण्याची रांग, मग काउंटरची रांग, आणि रोज दहाला झोपणाऱ्या माणसाचे मध्यरात्रीचे जागरण. साखर 70 च्या खाली गेली की शरीर घाम, थरथर आणि धडधड अशा खुणा देते. त्यांना हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी असेल, आणि स्टेंटनंतर ती अनेकांना असते, तर थरथर आणि धडधड त्या गोळीमुळे दबून जाते, घाम मात्र दबत नाही. वातानुकूलित इमारतीत, शेजारचे लोक स्वेटर चढवत असताना एखाद्याला घाम फुटतो, तेव्हा त्याला गर्दीचा घाम समजू नये. वडिलांच्या शरीराने खूण वेळेवर दिली होती. तिचा अर्थही कदाचित त्यांना कळला होता. पण दुखणे अंगावर काढण्याची आपल्या घरांतली जुनी सवय विमानतळावर दुपटीने बळावते, कारण तिथे तिकिटाचे लाखभर रुपये, व्हिसासाठी केलेली धावपळ आणि पलीकडे वाट पाहणारा मुलगा हे सगळे एकाच वेळी माणसाच्या तोंडावर हात ठेवतात.

म्हणून माझा पहिला सल्ला औषधाचा नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी तिघांनी एकत्र बसून, आणि भावाला फोनवर घेऊन, मोठ्याने बोलून ठरवा की या प्रवासात कोणाच्याही तब्येतीमुळे विमान चुकले तर ते चुकले, त्यावरून नंतर कोणीही कोणाला एक शब्द बोलणार नाही. हे भावाच्या तोंडून आले तर वडिलांवर त्याचा अधिक परिणाम होईल, कारण ते ज्याच्यासाठी गप्प राहिले तो तोच आहे. तिकीट काढताना तारीख बदलण्याची सोय असलेले, थोडे महाग तिकीट घ्या. वरचे चार पैसे सुरक्षिततेसाठीच खर्च झाले असे समजा; तारीख बदलता येते हे खिशात असले की वडिलांना ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणणे सोपे जाईल.

विमान कंपनीवरचा राग मी समजू शकतो, पण त्या रात्रीचा निर्णय मला योग्य वाटतो. साखर वर आली हे खरे. परंतु दोन स्टेंट असलेला, घामाघूम होऊन खाली बसलेला 74 वर्षांचा माणूस समोर असताना ‘फक्त साखरच होती’ असे अर्ध्या तासात कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसता घाम, दम लागणे, मळमळ किंवा अचानक आलेला थकवा एवढीच त्याची लक्षणे असू शकतात. एक ईसीजी ठीक येऊन पुरत नाही, काही तासांच्या अंतराने रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन, पाहावे लागते. दुबईपर्यंत तीन तास आणि तिथून अटलांटिक ओलांडत तेरा-चौदा तास, यांत ती तपासणी होण्याची सोय नाही. वडिलांना हे तुमच्याऐवजी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले तर राग निवळायला मदत होईल.

आता जावे का, याविषयी. माझ्या मते जावे, पण दोन डॉक्टरांना भेटून. हृदयरोगतज्ज्ञांना त्या रात्रीची सगळी कागदपत्रे दाखवा आणि स्पष्ट विचारा की एवढा लांबचा विमानप्रवास चालेल का. विमानाच्या आतला हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या इतका नसतो, तो साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असावा तितका ठेवतात. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर, म्हणजे सुमारे 5,400 फूट आहे. याचा अर्थ वडील कित्येक तास कळसूबाईच्याही वर बसून राहणार आहेत आणि त्यांच्या रक्तातला प्राणवायू थोडा कमीच असणार आहे. दम न लागता एक जिना चढता येतो, घराजवळ सहज चालता येते, छातीत दुखत नाही अशा बहुतेकांना हे झेपते. परंतु अलीकडे चालताना थांबावे लागत असेल, पायांवर सूज येत असेल, तर ते आत्ताच सांगायचे. विमान कंपन्यांचा ‘मेडिफ’ नावाचा वैद्यकीय माहितीचा अर्ज असतो. डॉक्टरांनी भरलेला तो अर्ज आधीच मंजूर करून घेतला, तर ऐन वेळी काउंटरवर वाद होण्याचा संभव बराच कमी होतो.

मधुमेहाच्या डॉक्टरांकडून मात्र केवळ ‘हरकत नाही’ एवढे घेऊन उठू नका. त्यांच्याकडून प्रवासाच्या दिवसाचे इन्सुलिनचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. मे महिन्यात बॉस्टनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना तुमचा दिवस तेवढाच लांबेल आणि परतताना तेवढाच आखडेल. कोणता डोस कधी घ्यायचा, कोणता कमी करायचा, याचा हिशेब विमानात बसून बोटांवर करण्यासारखा नाही. वडिलांच्या मनगटावरचे घड्याळ पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या आणि कागदावरच्या वेळाही भारतीयच लिहून घ्या. नियम मात्र एकच, आणि तो वडिलांना पाठ हवा : ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. विमानातही हवाई सेविका जेवणाची ट्रॉली घेऊन निघाली म्हणून घाई करू नये. हवा खराब असली तर ती ट्रॉली अर्ध्या वाटेतून परत जाते.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवायचे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन दिसायला कसेही असले तरी वापरायचे नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली की सुरक्षा तपासणीत पेन आणि सुया नेऊ देतात. साखर मोजण्याचे यंत्र वडिलांच्या खिशात असावे, आणि पट्ट्या नेहमीपेक्षा दुप्पट घ्याव्यात. साखर कमी झाल्यावर घ्यायला साखर-पाण्याची बाटली किंवा सरबत उपयोगाचे नाही, कारण ते तपासणीपूर्वीच टाकून द्यावे लागते. त्याऐवजी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा खडीसाखरेची पुडी ठेवा. साधारण 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पोटात गेली पाहिजे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून अजूनही 70 च्या खाली असेल तर पुन्हा तितकीच. तुमची आई बेसनाचे लाडू नक्कीच बांधून देईल, ते भावासाठी राहू द्या. तूप आणि डाळीच्या पिठामुळे लाडवातली साखर रक्तात हळू उतरते, म्हणून अशा वेळी तो पहिला घास नव्हे; साखर वर आल्यानंतर खायला चांगला. (अनारसे देत असतील तर मात्र घरीच ठेवा. त्यावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि काही कारणाने दुबईत विमानतळाबाहेर पडावे लागले तर तिथे ती समजावून सांगत बसण्याची वेळ नको. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांबाबतही तिथले नियम असेच कडक आहेत.)

बाकीची औषधे त्यांच्या मूळ पाकिटांत घ्या. आठवड्याचे कप्पे असलेली डबी सोयीची असते, पण परदेशातल्या डॉक्टरला तिच्यातली पांढरी गोळी कशाची हे कळणार नाही. चिठ्ठीवर गोळ्यांची ब्रँडची नावे न लिहिता मूळ औषधांची नावे लिहून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडे चालत नाहीत. अगदी पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत ॲसिटअमिनोफेन या नावाने ओळखले जाते. जुन्या ईसीजीचा आणि स्टेंटच्या कागदाचा फोटो तुमच्या, आईच्या आणि भावाच्या फोनमध्ये असू द्या.

सांगलीहून निघून त्याच रात्री विमान पकडणे, हे मात्र या वेळी करू नका. आठ-दहा तासांचा रस्ता, पुढे रांगा आणि पुढे सतरा-अठरा तासांचा प्रवास, हे तुमच्या वयालाही जड आहे. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा, नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात रात्र काढा, दुसऱ्या दिवशी दुपारी झोप घ्या, आठ वाजता इन्सुलिन आणि वरण-भात दोन्ही एकाच टेबलावर होऊ द्या आणि मग विमानतळाकडे निघा. निरोप द्यायला येणाऱ्या मंडळींना हॉटेलातच निरोप द्यायला सांगा. आपल्याकडे तिकीट नसलेल्यांना इमारतीत प्रवेश नसतो, त्यामुळे सगळे रडणे, पाया पडणे, फोटो आणि शेवटच्या सूचना प्रवेशद्वाराच्या त्या चिंचोळ्या जागेत, ट्रॉल्यांच्या धक्काबुक्कीत होतात. तुमची आई आत शिरते तेव्हाच तिचा अर्धा धीर तिथे संपलेला असतो. पाणी पीत राहा. शौचालयाला जावे लागेल म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढणे आणि लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करणे, हे दोन्ही ज्येष्ठांचे आवडते उपाय आहेत आणि दोन्ही घेरी आणतात.

व्हीलचेअरविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही, त्यावरून वडिलांनी ती नाकारली असावी असा माझा तर्क आहे. ‘मी काय अपंग आहे का?’ हे वाक्य मी दवाखान्यात फार वेळा ऐकतो. त्यांना फेब्रुवारी 2024 मधली एक घटना सांगा. न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या 80 वर्षांच्या एका प्रवाशाने स्वतःसाठी आणि पत्नीसाठी अशा दोन व्हीलचेअर सांगून ठेवल्या होत्या, पण त्या वेळी एकच मिळाली. पत्नी तीत बसली, दुसरीची वाट पाहण्याऐवजी ते तिच्यासोबत चालत निघाले, आणि इमिग्रेशनजवळ कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला 30 लाख रुपयांचा दंड केला. कंपनीची जबाबदारी होतीच, परंतु आपल्या दृष्टीने त्यातली शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे खुर्ची येईपर्यंत खाली बसून राहावे. तुम्ही किमान 48 तास आधी कंपनीला कळवून दोघांसाठीही व्हीलचेअर नोंदवा, आणि मुंबई, दुबई व बॉस्टन या तिन्ही ठिकाणची नोंद तिकिटावर आहे का ते पाहा. नोंदवताना प्रकार विचारतात : काहींना फक्त लांब चालता येत नाही, काहींना जिनाही चढता येत नाही, तर काहींना आसनापर्यंत न्यावे लागते. वडिलांसाठी पहिला प्रकार पुरेसा आहे. त्यांच्या मानाला लागू नये म्हणून एवढेच सांगा की ही पायांसाठी नाही, हृदयाचे काम वाचवण्यासाठी आहे.

सुरक्षा तपासणीत तुमची ताटातूट झाली, ती पुन्हा होणारच, कारण आपल्याकडे स्त्री-पुरुषांची अंगझडती वेगवेगळी होते. त्यासाठी दोन गोष्टी करा. वडिलांच्या खिशात, पाकिटात नव्हे, वरच्या खिशात, मराठीत आणि इंग्रजीत ठळक अक्षरांतला कागद असावा : मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो, हृदयात स्टेंट आहेत, घाम किंवा घेरी आल्यास आधी साखर द्या, शुद्धीवर नसल्यास तोंडात काही घालू नका, मुलगी सोबत आहे, तिचा फोन अमुक. आणि रांगेत शिरण्यापूर्वी तिथल्या सुरक्षा जवानाला एका वाक्यात सांगा की हे मधुमेही आहेत, त्यांच्याकडे लक्ष असू द्या. संकोच वाटेल, पण त्या गणवेशातल्या माणसाच्या हातात वॉकी-टॉकी असतो आणि वैद्यकीय कक्षाला तोच सर्वांत लवकर बोलावू शकतो. विमानतळाच्या आत असताना 108 ला फोन करून बाहेरची रुग्णवाहिका बोलावत बसण्यापेक्षा जवळच्या कर्मचाऱ्याला गाठणे केव्हाही जलद.

आईच्या प्रश्नाचे उत्तर तिला धीर देईल असे आहे. कोसळायचेच असेल तर विमानतळ ही त्यातल्या त्यात बरी जागा आहे. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर 1999 मध्ये हृदयाला विजेचा झटका देणारी, एईडी नावाची यंत्रे जागोजागी, झपझप चालत मिनिट-दीड मिनिटाच्या अंतरावर बसवली गेली. पुढच्या दोन वर्षांत तिथे 21 जणांचे हृदय अचानक बंद पडले. त्यांपैकी 18 जणांचे हृदय झटक्याने पुन्हा लयीत आणता येईल अशा स्थितीत होते आणि त्यांतले 11 जण वाचले. यंत्र वापरणारे जवळजवळ सगळे येणारे-जाणारे लोक होते, आणि वाचलेल्यांपैकी सहा जणांना मदत करणाऱ्यांनी या यंत्राचे प्रशिक्षण कधी घेतलेले नव्हते, त्यांतले तिघे डॉक्टर होते एवढेच. ज्या चौघांच्या जवळपास यंत्र नव्हते किंवा पाच मिनिटांत ते वापरले गेले नाही, त्यांच्यापैकी कोणीही वाचले नाही. आता हे यंत्र मोठ्या विमानतळांवर भिंतीवर दिसते, हिरव्या पाटीवर हृदय आणि त्यात वीज असे चिन्ह असते. झाकण उघडले की ते स्वतःच बोलून सूचना देते आणि गरज नसलेल्या माणसाला झटका देत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाला द्यायचा छातीदाब (सीपीआर) तुम्ही स्वतः शिकून घ्या. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर एकदा हाताने करून पाहावे लागते.

विमानातही बहुतेक प्रसंग वाटतात तितके भयंकर नसतात. अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी 604 उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग आढळला. त्यांत सर्वाधिक, म्हणजे 37 टक्के, घेरी येण्याचे किंवा बेशुद्ध पडण्याचे होते, जवळजवळ निम्म्या प्रसंगांत विमानात कोणी तरी डॉक्टर प्रवासी निघाला, आणि विमान दुसरीकडे उतरवावे लागले ते सुमारे 7 टक्के प्रसंगांत. घेरी आलेल्या माणसाला आडवे करून पाय वर उचलणे एवढ्यानेही पुष्कळदा भागते. कांदा हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर-पाणी ओतणे मात्र टाळा. शेवटचे तर श्वासनलिकेत जाऊन जीव घेऊ शकते.

छातीत दडपले किंवा जळजळ झाली तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोड्याची पुडी शोधायची नाही. वडिलांकडे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असेल, तर ती बसूनच घ्यायची, उभ्याने नाही, कारण रक्तदाब खाली येऊन घेरी येते. ती केव्हा घ्यायची आणि ॲस्पिरिन चावून खायची का, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून त्याच कागदावर लिहून घ्या. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोबडे बोलणे यांपैकी काही दिसले तर वेळ पाहून ठेवा आणि लगेच मदत मागा. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.

आईसाठी आणि तुमच्यासाठी थोडे वेगळे. भीतीचा झटका येतो तेव्हा धडधड, दम कोंडणे, हातांना मुंग्या आणि ‘आता मी मरणार’ असे वाटणे ही लक्षणे साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचून ओसरू लागतात. अडचण अशी की सत्तरीच्या बाईला रांगेत असे झाले तर ते भीतीचे की हृदयाचे हे तुम्ही किंवा मी नुसते बघून सांगू शकत नाही, तेव्हा पहिल्यांदा होत असेल तर वैद्यकीय कक्षात नेऊन ईसीजी काढावाच. आधी तपासून झालेले असेल आणि भीतीच असेल, तर श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावणे हा साधा उपाय आहे : मनात चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. ज्यांचे रोज नामस्मरण चालते त्यांना संथ लयीत नाम घेत हे अधिक सहज जमते. ‘शांत हो’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा तिच्या हाती काम द्या. मागच्या वेळी ती नुसती मागे मागे चालत होती. या वेळी वडिलांची साखर किती वाजता किती होती हे वहीत लिहिणे तिच्याकडे असू द्या. सरकत्या जिन्याची भीती असेल तर लिफ्ट कुठे आहे हे आधीच विचारा, आणि व्हीलचेअर असली की तो प्रश्नच उरत नाही. कोणीतरी सुचवेल म्हणून अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी मात्र देऊ नका. या वयात तिने गोंधळ उडतो, तोल जातो, आणि पहिल्यांदाच घेतलेल्या गोळीचा परिणाम पाहण्यासाठी विमान ही जागा नव्हे.

तुम्हाला स्वतःला जी धडधड होते तिचे कारण, माझ्या समजुतीने, त्या रात्री आपण दुसऱ्या रांगेत होतो याचा तुम्ही स्वतःला दिलेला दोष हे आहे. तुम्ही पुढे असता तरी साडेआठचे इन्सुलिन परत घेता आले नसते. तुमच्याकडे असलेल्या कामांतली काही काढून टाका : पासपोर्ट आणि बोर्डिंग पास वडिलांकडे, साखरेची वही आईकडे, दुबईतले दार क्रमांक आणि वेळ भावाने फोनवरून पाहून कळवायची. लक्ष ठेवायचे ते तुमच्याकडे राहू द्या. प्रवासाच्या आठवड्यातही झोप लागत नसेल, छातीतली धडधड वाढत असेल, तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या वयाच्या स्त्रियांची थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी अशा वेळी करून घेतलेली बरी.

दुबईत दोन विमानांमध्ये दीड-दोन तासच मिळत असतील तर ते तिकीट घेऊ नका, चार तास तरी ठेवा. विमा उतरवताना मधुमेह आणि स्टेंट दोन्ही लिहा आणि पूर्वीच्या आजारांचा खर्च त्यात कितपत धरला आहे हे लेखी विचारा. अनेक स्वस्त पॉलिसींत तो धरलेलाच नसतो, आणि अमेरिकेत रुग्णालयातल्या एका रात्रीचे बिल तिकिटांच्या रकमेच्या कितीतरी पुढे जाते. बॉस्टनला भाऊ इमिग्रेशनच्या अलीकडे येऊ शकणार नाही, म्हणून त्याचा पत्ता आणि फोन आईकडेही कागदावर असू द्या, आणि उतरल्यावर आणीबाणी आली तर तिथला क्रमांक 911 आहे. डॉक्टरांच्या भेटी या महिन्यातच उरकून घ्या. वैद्यकीय अर्जावर कंपनीने आणखी कागद मागितले तर हाताशी वेळ राहील. बारशासाठी तुमच्या भाचीला आशीर्वाद.